जुन्या इटालियन स्पोर्ट्‌स गाडीत पाणी किती तापावे?

जुनी अल्फा रोमिओ, फियाट स्पायडर किंवा फेरारी ३०८ नव्याने दारात आणलेला माणूस पहिले काही आठवडे रस्त्याकडे कमी आणि ‘आक्वा’ असे लिहिलेल्या छोट्या गेजकडे जास्त पाहतो. आक्वा म्हणजे पाणी. शेजारच्या ‘ओलिओ’ गेजवर इंजिनच्या तेलाची माहिती मिळते. पाण्याचा काटा नव्वदच्या पुढे सरकला की छातीत धडधडते, सत्तरवर राहिला तर थर्मोस्टॅट (पाण्याची रेडिएटरकडे जाणारी वाट तापमानानुसार उघडणारा भाग) बिघडल्याची शंका येते, आणि कोणाला विचारावे तर प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो. त्या सगळ्या आकड्यांत थोडेथोडे तथ्य असते, कारण या गाड्यांचे ‘सामान्य तापमान’ हा एक आकडा नसून पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात आपली गाडी कोणत्या प्रसंगी कुठे असते हे प्रत्येकाला आपल्याच गाडीवर शिकावे लागते. ते शिकायचे कसे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी सरळ उत्तर. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ८० ते ९० अंश सेल्सिअस, शहरातल्या गर्दीत किंवा लांब चढावर ९० ते १०० अंश, आणि गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू केल्यास क्षणभर त्याहूनही थोडे वर, हे १९६० ते १९८५ या काळातल्या बहुतेक इटालियन स्पोर्ट्‌स गाड्यांच्या बाबतीत निरोगी लक्षण आहे. १०५च्या पुढे काटा चढतच राहिला तर कारण शोधायला हवे. ११०च्या पुढे गेला तर गाडी थांबवायला हवी. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे दिले असतील तर अर्थातच तेच प्रमाण मानावेत.

आधुनिक गाडीतून येणाऱ्याचा गोंधळ कशामुळे होतो हे येथेच स्पष्ट करतो. आजच्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा काटा संगणकाच्या ताब्यात असतो. प्रत्यक्ष पाणी ७५ अंशांवर असो वा १०५ वर, काटा बरोबर मध्यभागी ठेवायचा आणि खरोखर संकट आल्यावरच हलवायचा, अशी त्याला शिकवण दिलेली असते. जुन्या इटालियन गाड्यांतल्या व्हेलिया बोर्लेत्ती कंपनीच्या गेजला असली शिकवण नाही. चढ आला की तो वर जातो, उतार लागला की खाली येतो, आणि पंखा चालू झाला की तेही दाखवतो. तो बोलका आहे, म्हणून आजारी आहे असे नाही.

पहिली पायरी: आपल्या गाडीत पाणी कुठून कुठे जाते ते पाहा

सगळ्या इटालियन गाड्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. १९६६ मध्ये आलेली अल्फा स्पायडर आणि त्याच वर्षीची फियाट १२४ स्पायडर या दोघींत इंजिन पुढे, रेडिएटर त्याच्या नाकासमोर, आणि मधले होज पाईप वीतभर लांबीचे. अशा गाडीत हवा अडकण्याची शक्यता कमी आणि दुरुस्ती सोपी. अल्फाच्या त्या काळातल्या गाड्यांत पंखा वॉटर पंपाच्या तोंडावरच बसवलेला असतो आणि इंजिनच्या रबरी पट्ट्यावर (बेल्टवर) फिरतो, त्यामुळे इंजिन मंद फिरत असताना पंखाही मंद आणि पंपही मंद. सिग्नलवर काटा वर जातो आणि गाडी निघाली की उतरतो, याचे कारण हेच आहे. त्यात बिघाड काही नाही.

मध्यभागी इंजिन असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. १९७२ची फियाट एक्स वन-नाइन किंवा १९७५ची फेरारी ३०८ घ्या. इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि रेडिएटर गाडीच्या अगदी पुढे, म्हणजे पाण्याला प्रत्येक फेरीत गाडीच्या पोटाखालून लांब नळ्यांतून जावे आणि यावे लागते. पाणी जास्त मावते, त्यामुळे गाडी गरम व्हायला वेळ लागतो आणि तापलेली गाडी निवायलाही वेळ लागतो. नळ्यांच्या उंच-सखल भागांत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि या गाड्यांच्या ‘तापण्याच्या’ तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. लॅम्बोर्गिनी काउन्टाशमध्ये रेडिएटर इंजिनच्या दोन्ही बाजूंना आहेत. तिच्या पहिल्या नमुन्यात इंजिनला हवा अपुरी पडली म्हणून १९७४च्या विक्रीच्या मॉडेलवर अंगावर मोठ्या हवेच्या पेट्या आणि दारांत खोलगट झरोके करावे लागले. ज्या झरोक्यांना आज लोक सौंदर्य म्हणून दाद देतात, ते पाणी थंड ठेवण्यासाठी जन्मले.

दे तोमासो पँटेरा हा आणखी एक वेगळा प्रकार. अंग इटालियन, पण इंजिन फोर्डचे ३५१ क्लीव्हलंड. या इंजिनात थर्मोस्टॅटला जोडूनच एक टोपीसारखा भाग असतो आणि इंजिन तापल्यावर तो खालचे बायपासचे, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच परत नेणारे, भोक बंद करतो. दिसायला जवळपास सारखा, पण फोर्डच्या दुसऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट बसवला तर ते भोक उघडेच राहते, पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घुटमळतो, आणि मालक नवा रेडिएटर, नवे पंखे, नवा पंप असा खर्च करत बसतो. दोष मात्र एका छोट्या, चुकीच्या सुट्या भागाचा असतो.

दुसरी पायरी: काट्यावर विश्वास ठेवण्याआधी काटा तपासा

ही पायरी नवशिके नेमकी वगळतात, आणि म्हणून मी तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या गेजने दहा अंश इकडेतिकडे दाखवणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यातही अमेरिकेतून परत युरोपात आलेल्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांची गेज फॅरनहाइटमध्ये असतात. तिथे १८० म्हणजे ८२ अंश सेल्सिअस, १९५ म्हणजे साधारण ९०, २१२ म्हणजे १०० आणि २३० म्हणजे ११०. हे चार आकडे कागदावर लिहून सूर्यप्रकाश अडवणाऱ्या झडपेच्या मागे चिकटवून ठेवावेत.

गेजची तपासणी अशी करावी. थंड इंजिनात चावी फिरवा; काटा तळाशी असायला हवा. मग सेंडरवरची (पाण्याचे तापमान गेजला कळवणाऱ्या, इंजिनवर बसवलेल्या भागावरची) तार काढून क्षणभरच इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. बहुतेक गाड्यांत काटा झपाट्याने वरच्या टोकाला जातो. गेला, तर गेज आणि तार ठीक आहेत आणि शंका सेंडरवर जाते. गेला नाही, तर तार तुटलेली आहे, फ्यूज गेलेला आहे किंवा गेजच मेलेले आहे. आता तार परत जोडून इंजिन चालू करा आणि हेडलाइट लावा. लाइट लागताक्षणी काटा चार-पाच अंश उडी मारत असेल तर पाणी तापलेले नाही, डॅशबोर्डची अर्थिंग गंजलेली आहे. सेंडरच्या आट्यांना गळती थांबवण्यासाठी प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली असेल तर ती काढावी, कारण सेंडरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते आणि टेपमुळे काटा खरे असते त्यापेक्षा कमी दाखवतो. कमी दाखवणारा काटा हा जास्त दाखवणाऱ्या काट्यापेक्षा धोकादायक असतो.

यानंतर खरे तापमान स्वतंत्रपणे मोजावे. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो. पण त्याचा एक खोडसाळपणा ठाऊक असायला हवा. थर्मोस्टॅटचे घर अ‍ॅल्युमिनियमचे असते, आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमकडे हे यंत्र रोखले तर ते त्या धातूत दिसणारे आजूबाजूच्या वस्तूंचे प्रतिबिंब मोजते. ९० अंश तापलेल्या घरावर ते ५० अंश सुद्धा दाखवू शकते. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा माझ्या स्पायडरचे इंजिन एवढे थंड आहे हे पाहून अर्धा दिवस खूश होतो. उपाय सोपा आहे: जिथे मोजायचे तिथे काळ्या मॅट टेपचा रुपयाएवढा तुकडा चिकटवावा, पाच मिनिटे थांबावे आणि त्या तुकड्यावर यंत्र जवळून रोखावे. मिळालेला आकडा आणि काट्याचा आकडा यांतला फरक वहीत लिहून ठेवावा. माझ्या गाडीत काटा सहा अंश जास्त दाखवतो. तो दुरुस्त करण्याऐवजी मी मनात सहा वजा करतो.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण यावरून रोज कोणीतरी घाबरतो. गेजचा सेंडर इंजिनच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागातून, गरम पाणी बाहेर पडते तिथे किंवा त्याच्या जवळ असतो. विजेच्या पंख्याचा स्विच मात्र अनेक गाड्यांत रेडिएटरमध्ये, तेही थंड होत आलेल्या पाण्याच्या बाजूला असतो. स्विचवर ९२–८७ असे आकडे कोरलेले दिसले तर त्याचा अर्थ पंखा ९२ला लागतो आणि ८७ला बंद होतो. पण हे ९२ रेडिएटरमधले आहेत. त्या वेळी गेजवर ९६ किंवा ९८ दिसणे अगदी स्वाभाविक आहे. ‘काटा ९३वर गेला तरी पंखा लागत नाही’ हे वाक्य बिघाडाचे वर्णन असेलच असे नाही.

तिसरी पायरी: थर्मोस्टॅटची पातेल्यातली परीक्षा

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाने चालणारे दार. आतले मेण ठराविक तापमानाला वितळून फुगते आणि दार उघडते. अल्फाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला साधारण ८० ते ८५च्या दरम्यान उघडायला लागणारा थर्मोस्टॅट लागतो, आणि त्या काळच्या बहुतेक इटालियन गाड्यांची रचना याच्या आसपासचीच आहे. आकडा भागावर कोरलेला असतो. उघडायला सुरुवात होणे आणि पूर्ण उघडणे यांत दहा-बारा अंशांचे अंतर असते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर काटा ८३वर खिळून न राहता ८२ ते ९०च्या मध्ये वावरतो.

भाग बाहेर काढलाच असेल तर परत बसवण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. पुन्हा स्वयंपाकात न वापरायचे एक जुने पातेले घ्या, त्यात पाणी भरा, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला टेकणार नाही, आणि शेजारी थर्मामीटर लटकवा. तळाला टेकला तर तो पाण्याच्या नव्हे, पातेल्याच्या तापमानाला उघडतो आणि सगळे गणित चुकते. आच मंद ठेवा आणि पाणी चमच्याने ढवळत राहा. दोऱ्याची एक खुबी आहे: थंड असतानाच तो बंद दाराच्या फटीत अडकवून भाग त्याच दोऱ्याने टांगला, तर दार उघडताक्षणी भाग दोऱ्यावरून सुटून ‘टक्’ असा आवाज करत तळाशी पडतो. तो आवाज झाला त्या क्षणीचे तापमान लिहा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंशांच्या आत असेल तर भाग चांगला आहे.

थर्मोस्टॅट काढूनच टाकावा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. आपल्याकडे हा सल्ला जुना आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या फियाट ११००, म्हणजेच पुढे पद्मिनी नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीवर हात बसलेल्या मुंबईच्या अनेक मेस्त्रींनी उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून पहिला थर्मोस्टॅटच काढून ठेवला, आणि टॅक्सीच्या कामात ते कसेबसे चालूनही गेले. स्पोर्ट्‌स गाडीत हे करू नये. फियाट १२४च्या इंजिनासारख्या अनेक रचनांत थर्मोस्टॅट एकाच वेळी रेडिएटरची वाट उघडतो आणि बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, आणि गरम दिवशी पाण्याचा एक भाग न निवताच इंजिनात परत येतो. थंडीत उलटे होते. मिलान किंवा तुरिनच्या हिवाळ्यात थर्मोस्टॅट नसलेली गाडी ६० अंशांच्या वर जात नाही, चोकची गरज संपत नाही, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते आणि तेल पातळ होते. थंड इंजिन हे सुरक्षित इंजिन असते, हा गैरसमज आहे.

चौथी पायरी: काय भरावे, आणि हवा कशी काढावी

रेडिएटरमध्ये निम्मे डिमिनरलाइज्ड पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉलचे कूलंट, हे प्रमाण बहुतेकांसाठी योग्य आहे. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. ‘जितके कूलंट जास्त तितके चांगले’ हे मात्र खरे नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे, म्हणून ग्लायकॉल निम्म्याहून बरेच वाढवले की गाडी थंड राहण्याऐवजी अधिक तापते. नळाचे पाणी टाळावे, कारण त्यातला चुना हेडमधल्या अरुंद वाटांत बसतो. जुन्या तांब्या-पितळेच्या, झाळलेल्या रेडिएटरला मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचे कूलंट द्यावे, दोन जातींची सरमिसळ करू नये, आणि दर दोन वर्षांनी ते बदलावे. फियाटच्या जुन्या पुस्तिकांत ‘पॅराफ्लू’ हे नाव दिसेल, ते फियाटच्या कूलंटचेच नाव आहे. ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते; सांडलेले तसेच ठेवले तर कुत्री-मांजरे चाटतात, म्हणून लगेच धुऊन काढावे.

रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाला लोक केवळ झाकण समजतात. प्रत्यक्षात ती दाबाची झडप आहे. या गाड्यांत तिचा दाब साधारण ०.७ ते १ बारच्या दरम्यान असतो. समुद्रसपाटीला उघडे पाणी १०० अंशांना उकळते, पण ०.९ बारच्या धडधाकट झाकणाखाली ते ११८च्या आसपास उकळते, आणि निम्म्या ग्लायकॉलचे मिश्रण त्याहूनही उशिरा. आता हीच गाडी आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ खिंडीत नेऊ. खिंड २,७५७ मीटर उंचीवर आहे आणि प्रातो गावाकडून चढताना ४८ तीव्र वळणे लागतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नसताना, इंजिन पूर्ण ताकद लावत असते. त्या उंचीवर उघडे पाणी ९१ अंशांनाच उकळते. झाकणाचे रबर कडक झाले असेल आणि दाब धरत नसेल, तर गेजवर ९५ दाखवत असताना, म्हणजे कागदोपत्री सगळे ठीक असताना, साधे पाणी भरलेली गाडी उकळू लागेल. याच कारणासाठी मी डोंगरात जाण्याआधी रेडिएटरपेक्षा झाकणाची चौकशी आधी करतो. नव्या झाकणाला फार पैसे पडत नाहीत. फक्त त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच असल्याची खात्री करावी. जास्त दाबाचे झाकण बसवले तर पन्नास वर्षांच्या झाळकामाची आणि होज पाईपची परीक्षा होते.

हवा काढण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावे. हीटरचा दांडा गरमकडे पूर्ण ओढावा, नाहीतर हीटरच्या नळीत हवा तशीच राहते. मध्य-इंजिन गाड्यांत रेडिएटरच्या वरच्या भागात, आणि अनेकींत थर्मोस्टॅटच्या घरावरही, हवा सोडण्याचा छोटा स्क्रू असतो. टाकीतून हळूहळू भरत जावे, स्क्रू सैल करून आधी फसफस आणि मग सलग धार येईपर्यंत वाट पाहावी आणि मग तो हाताच्या जोराने, बेताने आवळावा, कारण पितळी स्क्रू मोडला तर त्याचे दुखणे वेगळेच. यानंतर इंजिन चालू करून पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबावे, गाडी रात्रभर निवू द्यावी आणि सकाळी पातळी पुन्हा भरावी. पुढल्या बाजूने जॅकवर किंचित उचललेली गाडी रेडिएटरमधली हवा सोपेपणाने सोडते. एक्स वन-नाइन आणि ३०८ यांना दोन-तीन वेळा हा फेरा लागतो. पहिल्याच दिवशी काम झाले असे समजून लांब प्रवासाला निघू नये.

पाचवी पायरी: पंखा आणि त्याची वीज

पंखा लागत नसेल तर रेडिएटरमधल्या स्विचच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर स्विच गेला आहे. नाही फिरला तर रिले, फ्यूज किंवा मोटर. त्या काळातल्या इटालियन गाड्यांत टोकदार फ्यूज दोन पितळी पात्यांत धरलेले असतात आणि ती पाती सैल किंवा काळी पडली की फ्यूज शाबूत दिसूनही पंख्याला पूर्ण वीज मिळत नाही. पंखा चालू असताना त्या फ्यूजला हात लावून पाहा. तो चटका देण्याइतका गरम लागला तर पाती घासून स्वच्छ करा आणि घट्ट करा. कोणी मोटर बदलली असेल तर वाऱ्याची दिशाही पाहावी: पंख्यासमोर धरलेला कागद रेडिएटरच्या दिशेने ओढला गेला पाहिजे की त्यापासून लोटला गेला पाहिजे, हे पंखा रेडिएटरच्या पुढे आहे की मागे यावर ठरते, हवा मात्र नेहमी गाडीच्या नाकाकडून आत, जाळीतून मागे, अशीच वाहिली पाहिजे. उलट्या तारांनी उलटा फिरणारा पंखा गर्दीत गाडी आणखी तापवतो, आणि आवाजावरून ते कळत नाही.

सहावी पायरी: आपल्या गाडीची सवय वहीत उतरवा

आता सगळे नीट आहे असे धरून एक महिना नोंदी ठेवाव्यात. बाहेरचे तापमान, रस्ता, वेग, पाणी आणि तेल, एवढेच रकाने पुरेत. उदाहरणासाठी माझ्या २००० सीसीच्या स्पायडरची, दुरुस्त केलेल्या आकड्यांची, उन्हाळ्यातल्या एका दिवसाची नोंद देतो. बाहेर ३१ अंश. सकाळी निघाल्यावर पाणी ८० पर्यंत यायला आठ मिनिटे. त्या वेळी तेल अजून ५० वर. हमरस्त्यावर ११० किलोमीटर वेगाने पाणी ८४, तेल ९२. गावात शिरल्यावर वीस मिनिटे रांगेत पाणी ९५. पेट्रोल भरून दहा मिनिटांनी चालू केल्यावर १०१, आणि दोन मिनिटांत परत ९०.

या नोंदीतल्या दोन गोष्टी नवशिक्याने मुद्दाम पाहाव्यात. पाणी गरम झाले म्हणजे इंजिन गरम झाले असे नसते. तेल मागून येते, आणि ते निदान ६०-७० अंशांवर येईपर्यंत इंजिन जोरात फिरवू नये. फेरारीच्या मालकांना याची आठवण गिअरबॉक्सच करून देतो, कारण थंड तेलात दुसरा गिअर पडायला कुरकुरतो. दुसरी गोष्ट, गाडी बंद केल्यावर पाणी फिरणे थांबते पण हेडमधली उष्णता त्यात उतरतच राहते, म्हणून ती वाढ होते. त्याच उष्णतेने वेबर कार्बोरेटरमधले पेट्रोलही उडून जाते आणि गाडी चालू व्हायला खळखळ करते. बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारण्याऐवजी अ‍ॅक्सिलरेटर सावकाश पूर्ण दाबून धरावा.

पुढे कधी हमरस्त्यावर नेहमीचे ८४ सोडून ९२ दिसू लागले, तर ९२ हा आकडा पट्ट्यात बसतो म्हणून दुर्लक्ष करू नये. आठ अंशांचा फरक का पडला हे शोधावे. रेडिएटर आतून चोंदत असेल, पंप फिरवणारा बेल्ट सैल झाला असेल, किंवा इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकले असेल. टायमिंग मागे गेलेले किंवा पेट्रोल कमी मिळणारे इंजिनही अधिक तापते, आणि तिथे रेडिएटर बदलून काही उपयोग होत नाही.

सातवी पायरी: काटा चढतच राहिला तर

घाई न करता पुढील क्रमाने वागावे. हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे आणि त्याने काटा काही अंश उतरतो. मात्र जुन्या गाड्यांत हीटरचा कॉक वर्षानुवर्षे न फिरवल्याने अडकतो, म्हणून तो फिरतो की नाही हे घरीच पाहून ठेवा. बेल्टवर फिरणारा पंखा असेल तर गिअर काढून इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपास धरा. तरीही १०५ ओलांडून काटा वरच जात असेल तर ११०ची वाट न पाहता सुरक्षित जागी थांबा. पाणी बाहेर पडत नसेल तर इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवलेले बरे. वाफ येत असेल किंवा पाणी गेलेले असेल तर ताबडतोब बंद करा. झाकणाला तासभर हात लावू नका. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका.

एक लक्षण सर्वांत फसवे आहे. काटा चढता चढता एकाएकी झरकन खाली आला तर तो आनंदाचा क्षण नव्हे. पाण्याची पातळी सेंडरच्या खाली गेल्याने तो आता वाफेत उघडा पडलेला असू शकतो. त्याच वेळी हीटरमधून थंड हवा येऊ लागली तर शंकाच नको. तेथेच चावी फिरवून इंजिन बंद करा.

एवढी काळजी कशासाठी, ते हेडच्या धातूवरून कळते. आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी रचलेल्या फियाटच्या ट्विन-कॅम इंजिनात ठोकळा बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. चाळीस सेंटिमीटर लांबीचे हेड शंभर अंश तापले की ते सुमारे ०.९ मिलिमीटर लांबते, आणि त्याखालचे बीड त्याच्या निम्मेच. नेहमीच्या तापमानाला हा फरक गॅस्केट (ठोकळा आणि हेड यांच्यामधली चकती) पेलते. प्रमाणाबाहेर तापल्यावर बोल्टांनी बांधलेले हेड लांबायला जागा नाही म्हणून वाकते. अल्फाच्या इंजिनात ठोकळा आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमची, पण आत बिडाचे वेगळे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतींची नळकांडी, पाण्यात उभे आहेत, आणि हेडच्या गॅस्केटमध्ये तेलाच्या वाटांभोवती सहा छोट्या रबरी कड्या असतात. तापण्याने त्या कडक झाल्या की तेल आणि पाणी एकमेकांत शिरू लागते.

म्हणून एकदा गाडी खरोखर उकळली असेल तर निवल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर आहे का. हिवाळ्यात फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असा थर नुसत्या दमटपणानेही येतो, तेव्हा तेलाच्या कांडीवरही तो दिसतो का हे पाहून मगच निष्कर्ष काढावा. दुसरे, थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो का. पाणी तापायच्या आत दाब येत असेल तर तो सिलिंडरमधून येतो आहे. तिसरे, टाकीत सतत बुडबुडे येतात का. शंका उरली तर गॅरेजमध्ये मिळणाऱ्या निळ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी: टाकीच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढली जाते आणि तिच्यात जळालेल्या पेट्रोलचा वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. पिवळा पडला तर हेड उचलावे लागेल, त्याची सपाटी पट्टी ठेवून मोजावी लागेल, आणि ते होईपर्यंत गाडी घराबाहेर काढू नये.